निळ्या बाबागाडीतली दुपारची झोप

मित्रांनो, हैदराबादेतल्या तारनाक्याला एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली, सायकलींच्या मागं, घडी घालून उभी केलेली एक निळी बाबागाडी तुम्हाला दिसेल. ती मी. माझा निळा रंग आता नावालाच उरला आहे. उन्हानं तो पार विटला. उजवीकडचं पुढचं चाक तिरकं चालतं. पट्ट्याचं बक्कल तुटलं, तिथं पायजम्याची नाडी बांधलेली आहे. मी जुनी झाले आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण सांगण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ आहे, आणि जिन्याखाली वेळच वेळ आहे. जरा बसा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एकाच दिवशी आम्ही पन्नास-साठ जणी तयार झालो. कुणी नळ्या वाकवल्या, कुणी चाकं बसवली, कुणी कापड शिवलं. शेवटी एका बाईनं माझा टप, म्हणजे उन्हापासून बाळाला झाकणारं डोक्यावरचं छप्पर, तीन वेळा उघडून मिटून पाहिला आणि मला खोक्यात घातलं. डोळे उघडले ते बेगम बाजारातल्या एका दुकानात. दुकानदारानं मला दोरीनं छताला टांगलं होतं. खाली बादल्यांच्या चळती, शेजारी पाळण्यातली खेळणी, आणि मागच्या गल्लीतून सारखा लाल मिरचीचा वास. तिथं मी दोन महिने लोंबकळत होते. येणारेजाणारे वर बघायचे आणि पुढं जायचे.

एके दिवशी पांढरा शर्ट घातलेले, खिशाला पेन लावलेले एक आजोबा आले. त्यांचं नाव एकनाथराव, घरात नाना. रेल्वेतून नुकतेच निवृत्त झाले होते.

"वो नीली बंडी उतारो भई," ते म्हणाले.

हैदराबादेत चाकं असलेल्या सगळ्याला बंडीच म्हणतात. हातगाडीही बंडी, मोटरसायकलही बंडी. त्या दिवसापासून माझंही तेच नाव पडलं.

आजोबांनी मला दुकानातल्या दुकानात चार फेऱ्या मारायला लावल्या. ब्रेक दाबून पाहिला. मग हातातली डाळीची पिशवी माझ्यात ठेवली आणि मला थोडं हिंदकळून बघितलं.

"चार दिन की बच्ची है," ते म्हणाले. "गिरना नहीं होना."

"गिरतीच नै साब," दुकानदार म्हणाला. "हौला हूं क्या मैं, जो आपकू खराब माल देऊंगा?" हौला म्हणजे खुळा.

अशी मी रिक्षात बसून तारनाक्याला आले, आणि गौरीची झाले.

गौरीचे बाबा संदेश आणि आई शिल्पा. दोघंही कॉम्प्युटरच्या कंपन्यांत नोकरीला. शिल्पा मूळची पुण्याची. एकनाथरावांचं घराणं धर्माबादकडच्या शेतकऱ्यांचं, पण तीन पिढ्यांपासून हैदराबादेत मुरलेलं. आजी गौरीच्या जन्माआधीच गेली होती. त्यामुळं गौरीच्या सकाळी आईच्या, संध्याकाळी बाबांच्या आणि दुपारी आजोबांच्या, अशी घरात वाटणी झाली होती.

त्या दुपारी मी कधी विसरणार नाही. जेवण झालं की आजोबा गौरीला माझ्यात ठेवायचे, टप ओढायचे आणि आम्ही विद्यापीठाच्या रस्त्याला लागायचो. दोन्ही बाजूंना जुनी झाडं, रस्ता रिकामा, कुठंतरी एखादा पक्षी. आजोबांना अंगाई येत नव्हती. ते आपले स्टेशनांची नावं म्हणायचे. "सिकंदराबाद... बोलारम... मेडचल... कामारेड्डी..." अगदी सावकाश, प्रत्येक स्टेशनावर गाडी थांबल्यासारखे ते थांबायचे. गौरी डोळे मोठे करून ऐकायची. निजामाबाद येईपर्यंत तिच्या मुठी सैल व्हायच्या. गोदावरीच्या पुलापलीकडची स्टेशनं तिनं कधी ऐकलीच नाहीत. ती झोपली की मी माझं अंग जमेल तेवढं मऊ करायची. खड्डा आला तर त्याचा धक्का माझ्या स्प्रिंगमध्येच जिरवायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, "एकनाथराव, तुमच्या या बंडीत काय जादू आहे? आमचा पोट्टा तर दुपारी डोळा मिटत नाही." आजोबा हसायचे, आणि मी फुगून जायची.

पुढं गौरी चालायला लागली, पळायला लागली. अडीच वर्षांची झाल्यावर तिला माझी गरज उरली नाही. मला घडी करून माळ्यावर टाकलं. तिथं जुने टेबलफॅन होते, दिवाळीच्या माळा होत्या आणि धूळ होती. पाऊण वर्ष मला कुणी हात लावला नाही. खालून गौरीच्या पायांचा आवाज यायचा, तेवढाच आधार.

मग युवराजचा जन्म झाला आणि मला खाली काढलं. शिल्पानं ओल्या फडक्यानं माझी नळीन् नळी पुसली. गौरी शाळेतून आली, मला बघितलं आणि दप्तर टाकून पळतच माझ्यात येऊन बसली.

"अगं, उतर, उतर," शिल्पा हसत म्हणाली. "आता ही बाळाची. तू मोठी ताई झालीस ना?"

गौरी उतरली. "झाले," ती म्हणाली.

हे शिल्पा रागावून बोलली नव्हती, आणि गौरीला वाईट वाटलेलंही कुणाला दिसलं नाही. मोठी ताई हा शब्द तिला आवडायचाच. शाळेत, जिन्यात, भाजीवाल्याकडं, सगळीकडं ती सांगायची. पण दुपारी घरात सामसूम असली, युवराज पाळण्यात असला आणि मी रिकामी असले, की ती गुपचूप यायची. गुडघे टेकून बसायची आणि नुसतं डोकं माझ्या बैठकीवर ठेवायची. पावलं वाजली की उठून उभी राहायची. हे फक्त मला ठाऊक होतं.

गौरी साडेचार वर्षांची आणि युवराज सव्वा वर्षाचा असताना दसऱ्याच्या सुट्ट्यांत सगळ्यांनी शहराबाहेरच्या एका मोठ्या थीम पार्कला जायचं ठरवलं. दोन रात्री, तीन दिवस. राहायच्या खोल्या पार्कमध्येच होत्या. शिल्पानं आठ दिवस आधी एक कागद तयार केला. त्यात जेवणाच्या वेळा होत्या, दुधाच्या वेळा होत्या आणि दुपारी एक ते तीन या चौकटीत लाल शाईनं लिहिलं होतं: मुलांची झोप, खोलीवर. संदेशनंही एक यादी केली होती. त्यात बत्तीस खेळ होते. झोप कुठंच नव्हती.

पहिल्या दिवशी दहा वाजता आम्ही आत शिरलो. कारंजी, रंगीत कमानी, उंच पाळणे, जिकडंतिकडं गाणी. युवराज माझ्यात, गौरी माझा दांडा धरून. एक वाजता शिल्पानं घड्याळ बघितलं.

"चला, खोलीवर."

"अगं, आत्ता तर आलो," संदेश म्हणाला. "झोपायचंच होतं तर तारनाक्यालाच झोपलो असतो की! इथं येऊन कुणी झोपतं का?"

लाल शाईची चौकट शिल्पाच्या पर्समध्ये घडी होऊन पडली.

युवराज दीडच्या सुमाराला माझ्यात पेंगला, तोच शेजारून ढोलताशे वाजत गेले आणि तो दचकून उठला. मग तो जो रडायला लागला, तो थांबेचना. गौरी मात्र तग धरून होती. ती खेळांत बसत होती, फोटोला हसत होती. पाच वाजता संदेशनं तिला फुगा घेऊन दिला आणि ती जमिनीवर बसून किंचाळायला लागली. तिला पिवळा फुगा हवा होता. मित्रांनो, तिच्या हातात पिवळाच फुगा होता! पण ते तिला समजावणार कोण? लोक वळून बघायला लागले.

"एवढी मोठी झालीस आणि असं वागतेस?" संदेश ओरडला.

"तिच्यावर कायको ओरडायलास रे?" एकनाथराव म्हणाले. "ती हट्ट करायली नाही. झोप आली पोरीला. डोळे बघ तिचे."

कुणी बघितलं नाही. सगळेच दमले होते. वरणभाताची ताटं तशीच राहिली आणि दोन्ही मुलं रडता रडता झोपली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी शिल्पा आणि संदेशनं एक मधला मार्ग काढला. युवराजला दुपारी माझ्यातच झोपवायचं. शिल्पानं मला तळ्याकाठच्या सावलीत फिरवत राहायचं. गौरीनं तेवढ्या वेळात बाबांबरोबर मोठे खेळ बघायचे.

"एक दुपार नाही झोपली तर काय होतं?" संदेश म्हणाला. "काय गं गौरी, तुला लागते का झोप दुपारी?"

गौरीनं आधी माझ्याकडं बघितलं. मग बाबांकडं.

"नाही," ती म्हणाली. "मी मोठी आहे."

एकनाथराव काहीतरी बोलणार होते, पण त्यांचे गुडघे रात्रीपासून सुजले होते आणि सगळे त्यांनाच विश्रांती घ्या म्हणून सांगत होते. जेवण झाल्यावर ते खोलीवर गेले.

एक वाजता युवराज माझ्यात झोपला. शिल्पानं मला घेऊन तळ्याभोवती सात फेऱ्या मारल्या. मला तारनाक्याचा रस्ता आठवत होता. दोन वाजता युवराज हसत उठला. त्याचे कपडे बदलायला हवे होते, म्हणून शिल्पानं मला बाळांच्या खोलीबाहेरच्या रांगेत उभं केलं, ब्रेक लावला आणि त्याला कडेवर घेऊन आत जायला निघाली. त्या रांगेत दहा-बारा गाड्या होत्या. पार्कच्या भाड्यानं मिळणाऱ्या. त्याही निळ्याच.

समोर तीस-चाळीस पावलांवर उंच पाळण्याची रांग होती. संदेश आणि गौरी तिथं अर्धा तास उभे होते. त्यांचा नंबर आता येणार होता.

"बाबा, मला आईकडं जायचंय," गौरी म्हणाली.

"अगं, आता चारच जण राहिले पुढं."

"मला आईकडं जायचंय."

संदेशनं वळून बघितलं. शिल्पा माझ्यावर वाकून युवराजला उचलत होती. "ती बघ आई, बंडीजवळ. सरळ जा. मी बघतो इथून."

गौरी निघाली. संदेश खरंच बघत होता. पोरगी गाड्यांजवळ पोचली, हे त्यानं पाहिलं, आणि मग रांग पुढं सरकली म्हणून त्यानं मान वळवली. शिल्पा तोवर दाराआड गेली होती. लेक आपल्या मागं आली आहे, हे तिला माहीतच नव्हतं.

गौरी माझ्याजवळ आली. "आई?" तिनं एकदाच हाक मारली, अगदी हळू. कुणी ओ दिली नाही. तिचे डोळे लाल झाले होते आणि पाय एकमेकांत अडकत होते. तिनं माझ्या दांड्यावर हात ठेवला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आणि चढली.

"जरा वेळच हं, बंडे," ती माझ्या कापडाला तोंड लावून म्हणाली. "आई आली की उतरते. बाळाला सांगू नको."

तिचे पाय बाहेर येत होते. ते तिनं पोटाशी घेतले. युवराजचं दुपटं अंगावर ओढलं. मग हात वर करून टप पार खाली खेचला, आणि मिनिटाभरात तिचा श्वास लांब झाला. दोन वर्षांत मला ते झोपलेलं वजन मिळालं नव्हतं. खरं सांगते मित्रांनो, त्या क्षणी त्या सगळ्या पार्कमध्ये माझ्याएवढं सुखी कुणी नव्हतं.

पण माझं सुख फार टिकलं नाही.

अडीच वाजता चौकात बतुकम्मा होता. बतुकम्मा म्हणजे फुलांचा गोल, उंच मनोरा. इकडं दसऱ्याच्या दिवसांत बायका तो मधे ठेवून भोवती फेर धरतात. त्यासाठी चौक मोकळा करायचा होता. यादम्मा नावाची पार्कमध्ये काम करणारी बाई एकेक गाडी ढकलून खाऊच्या दुकानामागं, कडुनिंबाच्या सावलीत नेऊन ठेवत होती. माझी पाळी आली तेव्हा तिला जड लागलं. तिनं टप जरासा उचलून बघितला.

"अय्यो, पापा पंडुकुंदी," ती स्वतःशीच पुटपुटली. बाळ झोपलंय.

आई आत कपडे बदलायला गेली असेल, येईलच, असं तिला वाटलं असावं. तिनं टप पुन्हा नीट लावला आणि मला इतकं हळू ढकलत नेलं की एक धक्का बसला नाही. तिथं मला अगदी भिंतीकडेच्या गार सावलीत ठेवलं. पहारेकऱ्याला सांगायला ती निघालीच होती, तेवढ्यात कुणीतरी फुलांच्या परड्या उचलायला तिला हाका मारल्या. ती धावली, आणि सांगायचं राहून गेलं.

भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. शिल्पा बाहेर आली. गाडी जागेवर नाही म्हणून थोडी वैतागली आणि युवराजला कडेवर घेऊनच पाळण्याकडं गेली. संदेश उतरून येत होता.

"गौरी कुठंय?" तिनं विचारलं.

"गौरी? तुझ्याकडं पाठवली ना!"

मित्रांनो, ते शब्द मला अजून ऐकू येतात.

मग हाका सुरू झाल्या. "गौरी! गौरी!" आधी जवळून, मग लांबून. लोक गोळा झाले. पहारेकरी आला.

"घबराओ नक्को अम्मा," तो म्हणाला. "पोट्टी के कपडे कैसे थे?"

"लाल," संदेश म्हणाला. "नाही... नारिंगी. थांबा..." त्याला आठवेना. सकाळपासून त्यानं तिचे पन्नास फोटो काढले होते.

"हिरवा फ्रॉक," शिल्पा म्हणाली. "पांढरे बूट. कपाळावर टिकली." तिचा आवाज फाटला होता.

कर्ण्यावरून तेलुगूत, हिंदीत, इंग्रजीत गौरीचं नाव पुकारलं गेलं. चौकात टाळ्यांचा ठेका सुरू झाला होता, त्यात ते नाव बुडून जात होतं. संदेश मुख्य दाराकडं पळत गेला आणि परत आला. शिल्पा एकाच जागी उभी राहून तळ्याकडं बघत होती.

"संदेश," ती म्हणाली, "पाणी..."

तळ्याकाठी दोन माणसं लांब काठी घेऊन फिरायला लागली. काठी पाण्यात बुडल्याचा आवाज मला येत होता. आणि गौरी माझ्यात होती. तिचा गरम श्वास माझ्या कापडाला लागत होता. मला चार चाकं आहेत, पण स्वतःहून बोटभरही हलता येत नाही. मला टप आहे, तो मिटतो. पण त्याला हाक मारता येत नाही. उभ्या आयुष्यात मी एवढी हतबल कधी झाले नव्हते. त्या चाळीस मिनिटांत त्यांनी गौरीला सगळीकडं शोधलं. मला मात्र कुणी शोधलं नाही.

कुणीतरी फोन केला म्हणून एकनाथराव खोलीवरून आले. काठी टेकत, घामाघूम. शिल्पा त्यांना बघून ओक्साबोक्शी रडायला लागली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला.

"दुपारी निजली होती का ती?"

"नाही हो नाना. तुम्हाला माहीत आहे ना... पण आता त्याचं काय?"

"काल?"

"कालही नाही."

आजोबा म्हणाले, "मग ती फिरत नसेल. फिरायचं त्राण कुठून आणील? कुठंतरी पडून निजलीय पोरगी. उभ्या पोरांत कायको बघायलाव? आडोशाला बघा, बाकाखाली बघा." मग त्यांनी आजूबाजूला नजर फिरवली. "बंडी कुठंय?"

"बंडीचं काय घेऊन बसलात नाना!" संदेश ओरडलाच.

"अरे, पण कुठंय ती?"

कुणालाच माहीत नव्हतं. पहारेकऱ्यानं हातातल्या यंत्रावरून विचारलं. फेरातून यादम्मा धावत आली. तिचे हात झेंडूनं पिवळे झाले होते.

"गाड्यां मैं रखी साब, दुकान के पिच्छे," ती म्हणाली. "हिलाना था ना. एक में तो बच्ची सोयी थी, उसकू बी..."

ती तिथंच थांबली. हात तोंडावर गेला.

मग मला पावलं ऐकू आली. पळणारी, आणि त्यांच्या मागं काठीची. बारा निळ्या गाड्या एका रांगेत होत्या. टप ओढलेली मी एकटीच. पहिला हात माझ्यापर्यंत पोचला तो शिल्पाचा. तिनं टप उचलला.

गौरी तोंड उघडं टाकून झोपली होती. घामानं केस कपाळाला चिकटले होते. पांढरा एक बूट पायात, एक निसटून खाली. दुपट्याचं टोक मुठीत.

शिल्पानं तिला उचलायला दोन्ही हात पुढं केले. एकनाथरावांनी तिचा दंड धरला.

"उठवू नको, पोरी. इतकं थांबलीस, आता तिची झोप होऊ दे. नुसता हात लाव."

शिल्पा मातीतच बसली. तिनं गौरीचा बूट नसलेला पाय ओंजळीत धरला आणि त्यावर कपाळ टेकलं. संदेश कडुनिंबाकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. पहारेकरी यादम्मावर डाफरत होता आणि ती पुन्हा पुन्हा हात जोडत होती. शिल्पा उठली आणि तिचे ते जोडलेले हात तिनं आपल्या हातात घेतले.

"उसकू कुछ मत बोलो," ती पहारेकऱ्याला म्हणाली. "हम तो हाथ छोड़ के चले गये थे. इसने बच्ची कू छांव में रखा."

पुण्याच्या शिल्पाच्या तोंडून अशी हैदराबादी बोली मी पहिल्यांदाच ऐकली.

त्यानंतर पाऊण तास ते सगळे माझ्याभोवती जमिनीवर बसून होते. यादम्मानं पाणी आणून दिलं. युवराज चाकांशी खेळत होता. कुणी घड्याळ बघितलं नाही, कुणी यादी काढली नाही.

गौरी उठली. समोर सगळे बघून ती गडबडली आणि धडपडत खाली उतरली.

"मी झोपले नव्हते," ती घाईघाईनं म्हणाली. "मी फक्त बसले होते. ही बाळाचीच आहे."

शिल्पानं तिला जवळ ओढलं. संदेश गुडघ्यांवर बसून लेकीच्या समोर आला.

"गौरी, मला फार झोप आली आहे," तो म्हणाला. "आपण खोलीवर जाऊन झोपू या?"

गौरी त्याच्याकडं संशयानं बघत राहिली. "पण तुम्ही तर मोठे आहात."

"मोठ्यांना पण येते गं. सांगायची लाज वाटते, एवढंच."

गौरीनं थोडा विचार केला. मग त्याच्या कानाशी जाऊन ती म्हणाली, "मला पण येते. रोज येते."

तिसऱ्या दिवशी एक वाजता खोलीचे पडदे ओढले गेले. बाहेर सतरा खेळ बघायचे बाकी होते. आत एका पलंगावर शिल्पा, गौरी आणि युवराज, खाली चटईवर संदेश, आणि खुर्चीत मान टाकून एकनाथराव. पाचही जण गाढ झोपले. मी दाराशी रिकामी उभी होते, आणि रिकामी असूनही मला अजिबात वाईट वाटलं नाही.

ती सहल आता मागं पडली. युवराजही मोठा झाला आणि मी जिन्याखाली आले. घरचे म्हणतात, हिला टाकून द्यायला हवं. पण टाकायला कुणी उठत नाही. येता-जाता आजोबा काठीनं माझ्या चाकाला हळूच टोचतात, म्हणजे आमची ख्यालीखुशाली होते.

मित्रांनो, मी निर्जीव वस्तू आहे. मला फार काही मागता येत नाही. तुमच्याही घरी अशी एखादी गाडी, पाळणा, छोटी खुर्ची धूळ खात पडली असेल, तर ती एकदा पुसा आणि ज्या घरी बाळ आलं आहे तिथं देऊन टाका. आम्हाला पडून राहण्यापेक्षा वजन पेलायला आवडतं. तुमच्या आईबाबांनाही माझा एक निरोप द्या. घरात धाकटं बाळ आलं की थोरलं एका दिवसात मोठं होत नाही. दुपारी एकदा वाकून त्याच्याही डोळ्यांत बघत जा.

आणि तुम्हाला एवढंच सांगते. झोप आली तर सांगत जा. कुणी विचारलं, तू मोठा ना, तू मोठी ना, तरी सांगत जा. मोठं व्हायला तुमच्याजवळ अजून पुष्कळ दुपारी आहेत.